धारणेसरांनी खोडलेलं वर्ष

एका विद्यापीठात शशांक धारणे नावाचे प्राध्यापक शिकवत असत. हवाई वाहतूक हा त्यांचा विषय. कुलगुरूंनी त्या विषयात पीएच.डी. सुरू करायचं ठरवलं आणि अभ्यासक्रम आखायचं काम धारणेसरांकडे आलं.

सर मनापासून कामाला लागले. जवळच्या विमानतळावर फिलोमिना रुमाव नावाच्या अभियंता होत्या. त्यांनी सव्वीस वर्षं विमानं दुरुस्त केली होती. सर त्यांच्याकडे जाऊन बसत. विमान कुठे बिघडतं, माणूस कुठे चुकतो, हे त्या सांगत आणि सर लिहून घेत. त्यातूनच एक अट तयार झाली. प्रबंधाला हात घालण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने पूर्ण एक वर्ष हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, काम करायचं.

कुलगुरूंनी आराखडा वाचला. "वर्षभर ग्रीसमध्ये हात काळे करायला कोण येणार? ही अट काढा. नव्या विभागाचे प्रमुख तुम्हीच होणार आहात."

अट बरोबर आहे, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती स्वतःच्या हाताने खोडली.

फिलोमिनाबाई एवढंच म्हणाल्या, "सर, उद्या आम्ही तुमच्या या विद्यार्थ्यांच्याच हाताखाली काम करणार."

"पुढच्या वर्षी परत घालू," सर म्हणाले.

ते पुढचं वर्ष आलंच नाही.

विभागाचं नाव झालं. पहिल्या तुकडीतले निरंजन पेठकर डॉक्टर होऊन त्याच विमानतळावर सुरक्षाप्रमुख झाले. एका सकाळी फिलोमिनाबाई त्यांच्या खोलीत आल्या. "साहेब, आत्ता सुटणाऱ्या विमानाच्या ब्रेकमधून तेल झिरपतंय. ते उडू देऊ नका."

"अशा दहा तक्रारींत नऊ किरकोळ निघतात," पेठकर म्हणाले. "माझा प्रबंधच आहे त्यावर."

"एकदा बोट लावून तरी बघा."

ते उठले नाहीत. विमान उडायला ठीक आहे, या कागदावर बाईंनी सही नाकारली. दुसऱ्या अभियंत्याची सही घेऊन विमान गेलं. उतरताना ब्रेक लागले नाहीत, विमान धावपट्टी ओलांडून भिंतीवर आदळलं. चार माणसं गेली.

चौकशी बसली. तज्ज्ञ म्हणून धारणेसरांना बोलावलं. समितीने विचारलं, "डॉक्टर पेठकरांच्या शिक्षणात काही उणीव होती का?"

समोरच्या बाकावर फिलोमिनाबाई बसल्या होत्या. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. 'होती' म्हटलं तर विभागच बंद पडणार होता.

"नाही," सर म्हणाले. "शिक्षणात काहीच उणं नव्हतं."

मग दोष दुसऱ्या कुणावर तरी यायलाच हवा होता. बाईंनी धोका तोंडी सांगितला, ठरलेल्या नमुन्यात लेखी कळवला नाही, असा ठपका बसला. त्यांचा परवाना गेला. पेठकरांना मुख्यालयात बढती मिळाली.

त्याच वर्षी धारणेसरांच्या विभागाने अपघातांवर नवा अभ्यासक्रम काढला. पहिल्याच तासाला एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, त्या अपघातात चूक कुणाची होती?"

सरांनी समितीचा अहवाल उघडून वाचून दाखवला. मुलांनी फिलोमिना रुमाव हे नाव वहीत उतरवून घेतलं.

तात्पर्य: जो शिक्षक खुर्चीसाठी ठाऊक असलेलं सत्य गाळतो, त्याच्या चुकीची शिक्षा ते सत्य सांगणाऱ्यालाच भोगावी लागते.