डोलीचा चौथा खांदा

एका डोंगरावर तीन वाड्या होत्या, एकीखाली एक. वैद्य मात्र पार पायथ्याला. कुणी आजारी पडलं की शिंग फुंकायचं. मग प्रत्येक वाडीने आपापल्या शिवेपर्यंत डोली न्यायची, पुढे दुसऱ्या वाडीचे खांदे. डोली उचलणाऱ्यांचा त्या दिवशीचा रोजगार बुडायचा, म्हणून सुगीला घरटी एक पायली धान्य त्यांच्यासाठी निघे.

मधल्या वाडीतल्या गोमाजी शेटाच्या डोळ्यांत ही पायली खुपू लागली. "माझ्या घरी चार धट्टेकट्टे गडी आहेत. मी का देऊ?" म्हणत त्याने ती बंद केली. शेटाचं बघून शेजाऱ्यांनीही हात आखडता घेतला. झालं! मधल्या वाडीची डोलीच बंद पडली.

वर्षभराने शेटाची लेक गुणा बाळंतपणाला आली आणि अडली. सुईण म्हणाली, "शेट, आता माझ्या हातात काही नाही. दुपारच्या आत वैद्य गाठा, नाहीतर दोन्ही जीव जातील."

चार गड्यांनी डोली उचलली. निम्म्या उतारावर एकाचा पाय मुरगळला. तीन खांद्यांवर कुठे डोली चालते? गोमाजीने स्वतःचा खांदा लावला. पण जन्मात कधी ओझं उचललं असेल तर ना! वीस पावलांत डोली खाली टेकवावी लागली. गुणाचं कण्हणं ऐकू येत होतं, तेही थांबलं. कोणत्या तोंडाने बोलावू, असं वाटत असतानाच त्याने डोलीला बांधलेलं शिंग फुंकलं.

वरच्या वाडीचा धाकोजी तिघांना घेऊन धावतच उतरला.

"धाकोजी, मी डोलीची पायली बंद…"

"शिंगातून दुखणं ऐकू येतं, शेट. कुणाच्या घरचं, ते ऐकू येत नाही. व्हा बाजूला!"

खालच्या शिवेवर चार ताजे खांदे उभेच होते. ऊन डोक्यावर यायच्या आत डोली वैद्याच्या दारात टेकली. गुणा वाचली, बाळही वाचलं.

दुसऱ्या दिवशी गोमाजी पोतं घेऊन वाडीत दारोदार फिरला. पहिली पायली त्याने स्वतःची घातली. शेवटचं दार ठमाबाईचं होतं. तिचा नवरा गेल्या पावसाळ्यात वारला होता.

"शेट," ती म्हणाली, "त्यांच्या वेळी आपल्या वाडीतून एकही खांदा मिळाला नाही. वरची माणसं येईस्तोवर ते गेले."

ठमाबाई आत गेली आणि पायलीभर नाचणी आणून तिने पोत्यात ओतली.

"घ्या. दुसऱ्या कुणावर ही पाळी नको."

तात्पर्य: सगळ्यांनी हातभार लावला तरच गावाची सोय वेळेला उभी राहते; एका मोठ्याने हात आखडला, तर त्याची झळ आधी गरिबाला लागते.