दुसऱ्याच्या नावाचा खिळा

भाविकहो, ख्रिस्तभक्त शांतवन महाराज गोदाकाठच्या करंजमाळ गावी राहत असताना एका उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभू येशूला वधस्तंभावर खिळल्याच्या दिवशी, घडलेली ही हकिकत. तिथल्या टेकडीवर छोटे प्रार्थनामंदिर होते आणि अंगणात बाभळीच्या लाकडाचा वधस्तंभ. गावची रीत अशी, की या दिवशी ज्याने त्याने आपले पाप मनात आठवावे आणि वधस्तंभात एक खिळा ठोकावा. कोणी कोणाला काही विचारायचे नाही. पुनरुत्थानाच्या रविवारी महाराज सगळे खिळे उपटून नदीत सोडत.

एरवी मूठभर माणसे येत. त्या वर्षी मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावांतून बैलगाड्या आल्या होत्या. फुटाणेवालासुद्धा आला होता! सगळे आले होते ते सगुणाबाईला पाहायला.

सगुणाबाई विधवा. मंदिराचे अंगण रोज तीच झाडायची. काही महिने माहेरी राहून ती परतली, ती कडेवर तान्हे मूल घेऊन. मूल कोणाचे, ते ती सांगेना. गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच एलीशाराव कारभारी यांनी फर्मावले होते, की तिने सर्वांसमोर नाव सांगावे, नाहीतर लेकरासह गाव सोडावे.

"काय गं सगुणे," कारभारी म्हणाले, "देवाचं अंगण झाडता झाडता स्वतःचं घर झाडायचं राहिलं वाटतं!"

लोक खदखदून हसले. "अगं, नाव तरी सांग!" मागून एक बाई ओरडली. "एवढ्या उन्हाची चालत आलेय मी!"

"लेकराला सावलीत घेऊ द्या," सगुणाबाई एवढेच म्हणाली.

पायरीवर बसलेले महाराज म्हणाले, "त्या दिवशी यरुशलेमेबाहेरही असाच जमाव जमला होता. लोक बघायला आले होते आणि ज्याला बघत होते, तो त्यांच्यासाठीच मरत होता. तुम्ही आज कोणाला बघायला आलात?"

"प्रवचन मागाहून करा, महाराज," कारभारी म्हणाले. "ही ठोकत नसेल, तर हिच्या नावाचा खिळा मी ठोकतो!"

"दुसऱ्याच्या नावाचा खिळा इथं कोणी ठोकत नाही, बाबा."

"मग आज बघा!"

कारभाऱ्यांनी हातोडा उचलला. खिळा लाकडातच शिरत होता. महाराज अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होते, जागचे हललेही नव्हते. दुसरा घाव पडला तेव्हा फुटाणेवाला किंचाळला, "अहो थांबा! रक्त! महाराजांचा हात बघा!"

महाराजांच्या उजव्या तळहाताला आरपार भोक पडले होते. त्यात खिळा नव्हता. रक्त मात्र पायरीवरून ओघळत होते. हसणाऱ्यांची तोंडे उघडीच राहिली. नाव ऐकायला आलेली ती बाई मटकन खाली बसली.

कारभाऱ्यांच्या हातातून हातोडा गळाला. त्यांनी पक्कड लावून खिळा ओढला, तो हलेना. प्रत्येक हिसक्याला महाराजांचा चेहरा पिळवटत होता.

"महाराज, निघत नाही हो!"

"जिच्या नावाचा आहे, तिला विनव."

कारभाऱ्यांनी हात जोडले. सगुणाबाईने मूल त्यांच्या हातांत ठेवले, ती पुढे झाली आणि दोन बोटांनी खिळा धरला. मऊ मातीतून काडी निघावी तसा तो निघाला. रक्त थांबले! तळहातावर तांबडा वण तेवढा उरला.

महाराजांनी हळूच विचारले, "एलीशाराव, मूल कोणाचं, ते विचारायचं राहिलंच की."

कारभाऱ्यांनी हातांतल्या जिवाकडे पाहिले.

"आपल्या मंडळीचं, महाराज."

लेकराला छातीशी धरूनच ते वाकले आणि त्यांनी सगुणाबाईच्या पायांवर डोके टेकवले. मग म्हणाले, "मला एक खिळा द्या. माझ्या नावाचा. पण महाराज, तुमचा हात..."

"ठोक," महाराज म्हणाले. "तुझ्या नावाचा खिळा प्रभूनं कधीच सोसलाय."

त्यांच्यामागे माणसे मुकाट्याने रांगेत उभी राहिली. फुटाणेवालाही टोपली खाली ठेवून रांगेला लागला. त्या दिवशी करंजमाळात खिळे पुरले नाहीत.