तांबटाची फांदी

एका शहरात एक बाग होती. तिथे मुलांनी हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, फुलाला हात लावायचा नाही, झाडावर तर चढायचंच नाही. आणि त्याच शहराच्या नगराध्यक्षांनी एके दिवशी जाहीर केलं, "मुलांनी निसर्गावर कविता लिहाव्यात. पहिल्या कवितेला सायकल!"

शाळेत बाईंनी फळ्यावर शब्द लिहून दिले : मोर, झरा, डोंगर, इंद्रधनुष्य.

"बाई, आपल्या बागेत मोर कुठंय?" एका मुलीने विचारलं.

"कवितेत असतो. लिही मुकाट्याने."

मुलगी चिडली. शाळा सुटल्यावर बागेत गेली आणि पांगाऱ्याखाली मान वर करून बसली. वाळक्या फांदीत लिंबाएवढं भोक होतं. तांबट पक्षी चोच भरून आत जायचा, रिकाम्या चोचीने बाहेर यायचा. आत पिल्लं चिरचिरत होती. तिने तेवढंच लिहिलं. परीक्षकांना मोरांचा इतका वीट आला होता की पहिला नंबर तिचाच लागला.

समारंभ बागेतच ठरला. मुलांना बंदी असलेली ती हिरवळ तुडवून मोठ्यांनी मांडव घातला. नगराध्यक्ष आले, वर पाहिलं आणि भडकले. "फलकावरचा माझा फोटो फांदीमागे झाकला गेलाय! पाडा ती. वाळलेलीच आहे."

एक माणूस करवत घेऊन झाडावर चढला. तेवढ्यात मुलीचं नाव पुकारलं गेलं आणि ती पायऱ्या चढून वर गेली. मंचावर सायकल उभी होती. लाल, घंटीवाली. मुलीने स्वप्नात ती गल्लीभर फिरवूनही आणली होती.

"वाच, बाळ," नगराध्यक्ष म्हणाले.

"आधी त्या काकांना खाली उतरवा. आत पिल्लं आहेत."

"अगं, हा सगळा थाट तुझ्या पाखरासाठीच आहे ना? वाच, सायकल घे आणि पळ."

"मी वाचेपर्यंत फांदी पडेल. मग माझी कविता खोटी होईल. खोटं मी वाचणार नाही."

"काय आगाऊ पोरगी आहे!" पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. वर करवत फांदीला टेकली.

मुलीने सायकलकडे एकदा पाहिलं, ताडताड पायऱ्या उतरली आणि फांदीखाली जाऊन बसली.

मोरांच्या कविता लिहिलेली मुलं एकमेकांकडे बघू लागली. "मी तर मोर कधी बघितलाच नाही," एक मुलगी म्हणाली, "तांबट तरी बघू दे." ती उठली. मग सगळीच उठली. बाई "बसा, बसा!" ओरडत राहिल्या. मुलं बसलीही, पण झाडाखाली.

"साहेब, खाली पोरं आहेत. मी नाही कापत," म्हणत माणूस खाली उतरला.

नगराध्यक्षांनी दातओठ खात सायकल दुसऱ्या नंबरच्या मोराला देऊन टाकली. फोटोतला त्यांचा चेहरा फांदीआडच राहिला. पांगाऱ्याखाली माईक नव्हता, म्हणून मुलीने कविता ओरडून वाचली. वर तांबट चोच भरून आत गेला.

तात्पर्य : मुलांनी झाडावर कविता लिहावी असं वाटत असेल, तर आधी झाड उभं ठेवा.