मनिलाचा झेल

"पण सर, तो झेल तुम्ही घेतलात तरी कसा?"

निहाल पिंजारीने पुन्हा विचारलं.

तायडे सर भुसावळच्या मैदानावर चुन्याची रेषा आखत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सर एके काळी देशाकडून बेसबॉल खेळले होते. पोटापाण्याला शाळेत चित्रकला शिकवायची आणि रजा टाकून मनिला, तैपेई, बँकॉक गाठायचं, अशी त्यांची बरीच वर्षं गेली. जागा आउटफिल्डची, मैदानाच्या पार मागची. मनिलाला त्यांनी कुंपणापाशी आडवी झेप घेऊन एक चेंडू टिपला आणि हातचा गेलेला सामना वाचवला. खेळणारे अजून त्या झेलाबद्दल बोलतात.

आता निहालची भारतीय संघात निवड झाली होती. जागा तीच.

"मलाही तसाच झेल घ्यायचाय, सर. लोकांच्या लक्षात राहील असा."

"जा, मागे उभा राहा."

सरांनी चेंडू उंच मारला. निहाल धावला, झेपावला, गवतावर घसरत गेला... चेंडू हातात! कडेला बसलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

"कसा होता?"

सर पुढे आले. त्यांनी बॅट त्याच्या हातात दिली, ग्लोव्ह चढवला आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. साठी उलटलेली, एक गुडघा दुखरा.

निहालने बेताने मारला. चेंडू उतरला तेव्हा सर त्याच्याखाली उभे होते.

डावीकडे मारला. सर तिथेही उभे.

निहाल इरेला पेटला. सगळा जोर लावायचा म्हणून त्याने पाय वळवला, आणि सर निघाले. चेंडू अजून बॅटला लागायचा होता. लंगडत लंगडत ते कुंपणाजवळ पोचले, वळले, हात वर केला. चेंडू अलगद ग्लोव्हमध्ये पडला.

टाळी कुणीच वाजवली नाही.

"सर, तुम्ही झेप घेतलीच नाही!"

"गरज लागली नाही."

"मग मनिलाला?"

सर हसले. "त्या दिवशी निघायला उशीर झाला होता."

...

त्यानंतर निहाल रोज सकाळी मैदानावर यायचा आणि मागे उभा राहून मारणाऱ्याचे नुसते पाय बघायचा. परदेशी जायचा दिवस येईपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही.

स्पर्धा झाली. निहाल परतला तो थेट सरांच्या घरी आला. सरांनी सगळे सामने मोबाईलवर पाहिले होते.

"झेल एकही सुटला नाही, सर," तो खाली मान घालून म्हणाला. "पण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. पेपरात नावसुद्धा नाही. माझ्याकडे सगळे सोपेच चेंडू आले."

तो पाया पडायला वाकला. सरांनी त्याला मध्येच धरलं आणि छातीशी घेतलं.

"बॅटवरून सुटले तेव्हा सोपे नव्हते रे ते."