थोरल्याचं बोलावणं

फार जुनी गोष्ट. एका मोठ्या तळ्यात कमळपक्ष्यांची वस्ती होती. त्यांच्यात रीतच अशी, की मादीने अंडी घालून निघून जायचं आणि पुढचं सगळं बापाने पाहायचं. बाप दिवसभर अंडी उबवी. भर दुपारी ऊन तापलं, की तेवढा वेळ अंडी उन्हावर सोपवून तो पोटापाण्याला बाहेर पडे.

एका सकाळी असाच एक बाप चोचीने अंडी सरकवून नीट लावत होता. तेवढ्यात खंड्या येऊन लव्हाळ्यावर बसला.

"अरे, पलीकडच्या काठाला तुझा थोरला भाऊ आजारी आहे. पानावर उभंही राहवत नाही त्याला. 'धाकट्याला म्हणावं, एकदा येऊन जा,' एवढंच बोलला."

दोघा भावांचं शिंगाड्याच्या एका पट्ट्यावरून बिनसलं होतं. तेव्हापासून धाकटा तिकडे फिरकला नव्हता.

"अंडी टाकून कसा येऊ?" तो म्हणाला.

शेजारची पाणकोंबडी हसली. "किडे टिपायला जातोस तेव्हा नाही वाटतं आठवत अंडी? ऊन सांभाळतं की! जा, मी लक्ष ठेवते."

"तुम्ही आपलं घर बघा, मावशी. पिल्लं बाहेर आली की त्यांना घेऊनच जाईन. थोरला कुठे पळून चाललाय?"

दुपारी ऊन चांगलं तापलं. धाकट्याने मान उंच करून पाहिलं. पलीकडचा काठ दिसत होता. मग त्याने शेवाळ ओढून घरट्याची कड बांधायला घेतली. पुढच्या दुपारीही कडेचंच काम निघालं. खरं तर कड केव्हाच पक्की झाली होती.

पिल्लं बाहेर आली. त्यांना पंखांखाली धरून, त्यांचे लोंबणारे पाय सावरत, धाकटा पानापानांवरून पलीकडे गेला. थोरल्याच्या पानावर बेडूक बसला होता.

"उशीर केलास," बेडूक म्हणाला. "तुझ्या काठाकडे तोंड करून बसायचा. परवा गेला."

"काही बोलला का?"

"घरातलं बोलणं बेडकाला कोण सांगतं, बाबा?"

पंखाखालून एका पिल्लाने विचारलं, "हे कुणाचं घर?"

"तुमच्या काकांचं."

शिंगाड्याचा तो पट्टा आता धाकट्याचाच झाला. तो तिथे कधी चरला नाही.

म्हणून लहानथोरांनो, आपल्या माणसाचं बोलावणं आलं की त्याच दिवशी जावं.

थोरल्याला काय सांगायचं होतं, ते ऐकायचं राहून गेलं.