डोहात टाकलेली खापरं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा जनावरं बोलत असत आणि माणसं ऐकत नसत. यातलं पहिलं आता थांबलं आहे, दुसरं अजून चालू आहे.

एका राज्यात नदीकाठच्या गावी एक कुंभार राहत होता. बायको नाही, मूल नाही. घरात चाक आणि दारात एक म्हातारं गाढव. दिवसभर दोघं बोलत, भांडत आणि संध्याकाळी एकाच भाकरीतले तुकडे खात. कुंभाराला जगात दुसरं कुणी नव्हतं.

राजाचा कर साधा होता. कच्ची मडकी अंगणात वाळत असताना कारकून येऊन ती मोजून जाई. वर्षाच्या शेवटी सहा मडक्यांमागे एक राजाचं. भाजताना तडकली त्यांची खापरं दाखवली, की तेवढी मोजणीतून वजा होत. मात्र ज्याचा कर पुरा पडत नसे, त्याचं जनावर राजाच्या गोठ्यात जाई.

त्या वर्षी मातीत चुनखडी निघाली. कुंभाराने भाजणीचा आवा उघडला तर निम्मी मडकी फुटलेली! पण त्याच्या बापाचं पंचक्रोशीत नाव होतं, या घराच्या आव्यात मडकं तडकत नाही म्हणून. तांबडं फुटायच्या आत त्याने खापरं पोत्यात भरली, गाढवावर लादली आणि नदीच्या डोहात ओतली.

"मालक," गाढव म्हणालं, "ही खापरं परसात ठेवा. शेजारचा कुंभार बघा, दारातच ढीग घालतो. राजाची मडकीसुद्धा दर आव्याला बाजूला काढतो."

"म्हणून तर लोक त्याला हसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची! तू ओझं वाहा, अक्कल मला आहे."

गाढवापुढे वाचली गीता, असं आपण म्हणतो. इथे वाचणारं गाढव होतं, एवढाच काय तो फरक.

पुढच्या आव्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. जी चांगली निघत ती कुंभार लगेच विकून टाकी. राजाचं शेवटी बघू, म्हणे. कारकून दर खेपेला विचारी, "काही तडकलं का रे?" आणि कुंभार छाती फुगवून सांगे, "आमच्या आव्यात? छे!"

वर्ष सरलं. कारकून शिपायाला घेऊन आला. अंगणातली मडकी कराच्या निम्म्यालाही पुरेनात. तेव्हा कुठे कुंभाराच्या तोंडून खरं बाहेर पडलं.

"अरे, मग खापरं दाखव," कारकून म्हणाला. "आत्ता वजा करतो. फुटक्या मडक्याचा कर राजाला नको आहे."

"डोहात आहेत, सरकार."

"डोह साक्ष देत नाही, बाबा."

"मी साक्ष आहे," गाढव म्हणालं. "या पाठीवरूनच ती गेली."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने गाढवाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "आपल्या मालकासाठी कुठलं जनावर खोटं बोलणार नाही? तुझी साक्ष मला धरता येत नाही."

शिपायाने दावं सोडलं. कुंभार वेशीपर्यंत मागोमाग गेला. तिथे गाढव जरा थांबलं.

"मालक, आता माती आणताना थोडी थोडी आणा. कंबर सांभाळा."

कुंभार वेशीवरून मागे फिरला. तो तसाच डोहात उतरला आणि तळ चाचपू लागला. पण मधल्या पुराने खापरं कधीच वाहून नेली होती. हाताला नुसता गाळ लागला. त्या संध्याकाळी भाकरीचा अर्धा तुकडा तसाच उरला.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: लाजेपोटी लपवलेल्या तोट्याचाही कर भरावा लागतो.