पुन्हा सांग

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते राज्य नेमकं कुठे होतं हे आता कोणालाच सांगता येत नाही. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

त्या राज्यात डोंगरात एक मोठा तलाव होता. तलावाला मातीचा बांध होता आणि बांधाच्या बरंच खाली, नदीकाठी, एक गाव होतं. मधे टेकड्यांची रांग. प्रत्येक टेकडीवर एक नगारा आणि एक पहारेकरी असे. बांधाची खबर या टेकडीवरून त्या टेकडीवर वाजत वाजत गावात पोचायची.

या पहारेकऱ्यांची एक रीत होती. वाऱ्यामुळे निरोप नीट ऐकू आला नाही, की ऐकणारा आपल्या नगाऱ्यावर दोन ठोके द्यायचा. दोन ठोके म्हणजे ‘पुन्हा सांग’. वरचा पहारेकरी मग निमूट पुन्हा वाजवायचा. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

पुढे राजाच्या कारागिरांनी मोठमोठे आरसे घडवले. ऊन आरशावर घ्यायचं आणि पुढच्या टेकडीवर फेकायचं. झळाळी लांब-आखूड केली की तिची अक्षरं होत. नगाऱ्यावर ज्याला अर्धा दिवस लागे, ते आता बोलता बोलता होऊ लागलं. आरसे खरोखरच चांगले होते. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायची ती प्रमुखाला. राजाने आरशांवर नेमलेला हा माणूस दिसायला रुबाबदार होता, बोलायला खणखणीत होता, पण त्याला आरशांची भाषा येत नव्हती. शिकायची तर कोणाला तरी विचारावं लागलं असतं, आणि विचारणं त्याच्या जिवावर यायचं. आपल्याला येत नाही हे उघडं पडू नये, म्हणून त्याने इतरांचीच तोंडं बंद केली.

आल्या आल्या त्याने सगळ्या नगाऱ्यांची कातडी फाडायला लावली, म्हणजे कोणी मागे वळायला नको. मग हुकूम सोडला, की यापुढे ‘पुन्हा सांग’ म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याच्या गळ्यात पहारेकऱ्यांच्या भर बैठकीत गुराची घंटा बांधली जाईल.

मधल्या टेकडीवर एक म्हातारा पहारेकरी होता. त्याची एकुलती एक लेक खालच्या गावात दिलेली होती. सकाळी टेकडीवरून तिच्या घराचा धूर दिसला, की त्याचा दिवस बरा जायचा.

एकदा ऊन अंधूक होतं, निरोप अर्धवट आला आणि म्हाताऱ्याने जुन्या सवयीने पुन्हा विचारलं. पुढच्या बैठकीत त्याच्या गळ्यात घंटा पडली. प्रमुखाने त्याला सगळ्यांसमोर फिरायला लावलं. ज्यांच्याबरोबर त्याने जन्म काढला, ते सगळे हसले. माणसं वाईट नव्हती हो, पण जो हसला नाही त्याच्याकडे प्रमुख रोखून पाहत होता.

लेकीच्या कानावर हे गेलं तशी ती टेकडी चढून आली.

“आबा, कळलं नाही तर विचारत जा,” ती म्हणाली. “घंटा काय, संध्याकाळी निघते.”

“तू ते हसणं ऐकलं नाहीस, बाई,” म्हातारा म्हणाला.

त्यानंतर टेकड्यांवरून एकही प्रश्न आला नाही. कोणाला झळाळी पुरती दिसली नाही, तर तो अंदाजाने पुढे कळवायचा, आणि रोज दुपारी गावात तोच निरोप पोचायचा, ‘बांध ठीक आहे.’ राजा खूश झाला. एवढा सुरळीत कारभार त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने प्रमुखाला शालजोडी दिली.

मग एका दुपारी आभाळ भरून आलं. ऊन येत होतं, जात होतं. वरच्या टेकडीवरून झळाळी आली, ‘बांध’ एवढीच अक्षरं जुळली, आणि ढग आडवा आला. ऊन परत आलं तेव्हा निरोप संपला होता.

विचारावं म्हणून म्हाताऱ्याने आरसा उचलला. मग त्याने तो खालच्या टेकडीकडे वळवला आणि रोजचंच कळवलं, ‘बांध ठीक आहे.’

थोड्या वेळाने त्याने पाणी पाहिलं. टेकडीच्या पायथ्याने ते मातीने लाल होऊन गावाकडे धावत होतं. आरशाला ऊन नव्हतं. तो नगाऱ्याकडे धावला आणि दोन्ही मुठींनी बडवू लागला, पण फाटक्या नगाऱ्यातून आवाज निघेना. तो ओरडला, तेही पाण्याच्या गर्जनेत बुडालं.

गावातले काही जण उंचावर पळाले म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या लेकीच्या घराचा धूर दिसला नाही. घरही दिसलं नाही.

राजाने सगळ्यांना बोलावलं. म्हातारा स्वतःच पुढे झाला आणि म्हणाला, की चूक माझी आहे, अर्धा निरोप मी मनाने पुरा केला. प्रमुखाने लगेच तो धागा पकडला.

“शंका होती तर विचारायचं होतंस,” तो म्हणाला.

“विचारणारच होतो,” म्हातारा म्हणाला. “पण आरसा वर वळवण्याआधी हात गळ्याकडे गेला.”

ज्या शांततेला आपण शालजोडी दिली ती कशाची होती, हे राजाला आता कळलं, आणि त्याची मान खाली गेली.

प्रमुखाला राज्यातून घालवून दिलं. प्रत्येक आरशाशेजारी नगारा नव्या कातड्याने मढवून ठेवला. नव्या पहारेकऱ्याला आधी एकच खूण शिकवायची असं ठरलं. दोन झळाळ्या, ‘पुन्हा सांग’. ती शिकवायला म्हातारा बसे. गेलेलं मात्र काहीच परत आलं नाही.

त्यानंतर रोज सकाळचं ऊन आलं, की म्हातारा आरसा उचलायचा आणि जिथे लेकीचं घर होतं तिकडे दोन झळाळ्या टाकायचा. मग बराच वेळ तो तिकडे पाहत बसायचा. उत्तर येत नसे.

म्हणून लक्षात ठेवा: जिथे ‘कळलं नाही’ म्हणणाऱ्याला लाजवलं जातं, तिथे बुडेपर्यंत सगळं ठीकच असतं.